डिजिटल पुरावा कसा जपावा: सोसायटीच्या डीव्हीआरपासून न्यायालयापर्यंत

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून शिवसेनेचे अर्जुन खोतकर निवडून आले, तेव्हा त्यांच्यात आणि काँग्रेसचे कैलास गोरंट्याल यांच्यात अवघ्या २९६ मतांचे अंतर होते. उमेदवारी अर्ज देण्याची मुदत २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी ३ वाजता संपत होती आणि खोतकरांचे अर्ज त्या वेळेनंतर घेतले गेले, असा आक्षेप घेऊन गोरंट्याल उच्च न्यायालयात गेले. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कक्षात आणि कक्षाबाहेर व्हिडिओ कॅमेरे लावलेले होते, त्यामुळे त्या दुपारी तिथे काय घडले त्याचे चित्रण उपलब्ध होते, आणि न्यायालयाच्या आदेशानंतर त्याच्या सीडी हजरही करण्यात आल्या. एवढे असूनही या खटल्यातला मोठा वाद चित्रणात काय दिसते यावर झाला नाही. त्या सीडींसोबत कायद्याला हवे असलेले एक प्रमाणपत्र नव्हते, आणि सगळा वाद त्या एका कागदाभोवती फिरला.

त्या वेळी १८७२ चा भारतीय पुरावा कायदा लागू होता. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने त्यात कलम ६५-ब घातले होते, आणि संगणकातून काढलेली प्रत न्यायालयात द्यायची असेल तर ती कोणत्या यंत्रातून, कशी काढली आणि यंत्र नीट चालू होते का, हे जबाबदार व्यक्तीने सहीनिशी लिहून द्यावे, अशी त्या कलमाची अट होती. गोरंट्याल यांच्या बाजूने निवडणूक अधिकाऱ्यांकडे हे प्रमाणपत्र वारंवार मागण्यात आले, पण ते मिळाले नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्यांची उलटतपासणीतली उत्तरे पुरेशी मानली आणि २४ नोव्हेंबर २०१७ रोजी निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. नरिमन, न्या. रवींद्र भट आणि न्या. रामसुब्रमणियन यांच्या पीठाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की प्रमाणपत्र ही सक्तीची अट आहे आणि तोंडी साक्ष तिची जागा घेऊ शकत नाही. तरीही निवडणूक रद्दच राहिली, कारण चित्रणाखेरीज इतरही पुरावा होता, आणि प्रमाणपत्रासाठी शक्य ते सर्व करून थकलेल्या माणसाला अशक्य गोष्टीसाठी जबाबदार धरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

या निकालाचा उल्लेख आज देशभरातल्या न्यायालयांत होतो. वकिलांना तो पाठ असतो, पण त्याची खरी गरज ज्यांना आहे त्या लोकांपर्यंत तो पोहोचलेला नाही, असे मला सारखे वाटते. डिजिटल पुराव्याचे भवितव्य बहुतेक वेळा पहिल्या दोन-चार दिवसांतच ठरून जाते, आणि त्या दिवसांत तो पुरावा सोसायटीच्या सेक्रेटरीच्या, दुकानदाराच्या, धमकी आलेल्या मुलीच्या किंवा तिच्या आईवडिलांच्या हातात असतो. वकील आणि पोलीस नंतर येतात. तोवर जे पुसले गेले किंवा बदलले ते परत आणण्याचा मार्ग पुष्कळदा उरत नाही.

न्यायालय एवढे काटेकोर का

कागदावर खाडाखोड केली की शाईचा रंग, दाब, कागदाचा पोत यांवरून ती ओळखू येते. डिजिटल नोंद मात्र मुळात आकड्यांची रांग असते. तिची हुबेहूब नक्कल क्षणात होते आणि तिच्यात केलेला बदल नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आता तर कुणाच्याही आवाजात कृत्रिम संभाषण तयार करता येते. त्यामुळे न्यायाधीशांपुढे नेहमी एकच मूळ प्रश्न असतो: समोर आणलेली ही वस्तू घटनेच्या वेळी निर्माण झालेलीच आहे, आणि मधल्या काळात तिला कुणी हात लावलेला नाही, हे कशावरून मानायचे?

हा प्रश्न संगणकाबरोबर आलेला नाही. मुंबई महापालिकेतल्या एका कारकुनाला लाच देऊ केल्याच्या खटल्यात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयासमोर टेपरेकॉर्डरची टेप आली होती. ती मोहोरबंद केलेली नव्हती आणि पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात तशीच पडून होती. न्यायालयाने ती टेप स्वीकारली, पण मोहोर नसल्यामुळे छेडछाडीची शंका घ्यायला साहजिकच जागा मिळते, असे नोंदवून ठेवले. पुढे मुंबईच्या कॉरोनरविरुद्धच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्धच्या, एका प्रकरणात १९७२ मध्ये न्यायालयाने ध्वनिमुद्रणासाठी तीन कसोट्या सांगितल्या. संभाषण खटल्याशी संबंधित असावे, आवाज कुणाचा हे ओळखता आले पाहिजे, आणि टेपमध्ये काही पुसले किंवा बदलले असण्याची शक्यता दूर करून तिचा अचूकपणा सिद्ध झाला पाहिजे. टेप गेली, कॅसेट गेली, सीडीही जवळजवळ गेली, पण या तीन कसोट्या मोबाइलमधल्या रेकॉर्डिंगलाही तशाच लागू पडतात.

डीव्हीआरसमोर बसल्यावर

आता एक नेहमीचा प्रसंग घेऊ. समजा, सोसायटीच्या फाटकासमोर रात्री एका भरधाव मोटारीने दुचाकीस्वाराला उडवले आणि मोटार निघून गेली. फाटकावरच्या कॅमेऱ्यात सारे टिपले गेले आहे. दुसऱ्या दिवशी समितीतले दोघे-तिघे वॉचमनच्या केबिनमध्ये जमतात, डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र, लावतात, आणि पडद्यावर चाललेले चित्रण एकजण मोबाइलने टिपतो. ती चित्रफीत व्हॉट्सॲपच्या गटावर जाते, तिथून आणखी दहा गटांवर जाते, आणि "फुटेज आपल्याकडे आहे" या समाधानात सगळे घरी जातात. दोन आठवड्यांनी पोलीस किंवा जखमी माणसाचे नातेवाईक मूळ चित्रण मागायला येतात, तेव्हा त्या तारखेचे चित्रण डीव्हीआरमध्ये राहिलेलेच नसते.

ते कुठे गेले, हे साध्या हिशेबाने कळते. एक कॅमेरा दर सेकंदाला १ मेगाबिट या दराने चित्रण साठवत असेल, तर दिवसाला सुमारे १०.८ जीबी जागा लागते. आठ कॅमेरे असतील तर रोज सुमारे ८६ जीबी. डीव्हीआरमध्ये १ टीबीची हार्ड डिस्क असेल तर ती साधारण अकरा-बारा दिवसांत भरते, आणि भरली की यंत्र कुणालाही न विचारता सर्वांत जुन्या चित्रणावर नवे लिहू लागते. चित्राचा दर्जा वाढवून दर दुप्पट केलेला असेल तर ही मुदत सहा दिवसांवर येते. आपल्या सोसायटीची ही मुदत किती आहे, हे सेक्रेटरींना आजच माहीत असायला हवे. डीव्हीआरमध्ये सर्वांत जुनी कोणती तारीख दिसते ते पाहिले की ती कळते.

अशा वेळी करायचे ते असे. डीव्हीआरसमोर बसल्यावर कशालाही हात लावण्याआधी पडद्यावरची वेळ बघावी आणि त्याच क्षणी मोबाइलवर काय वेळ आहे ती बघावी. समजा, डीव्हीआर ९ वाजून ४२ मिनिटे दाखवत आहे आणि मोबाइल ९ वाजून २५ मिनिटे. म्हणजे डीव्हीआर १७ मिनिटे पुढे आहे. वीज वारंवार गेली किंवा आतली छोटी बॅटरी संपली की असे फरक पडतात आणि महिनोन् महिने कुणाच्या लक्षातही येत नाहीत. हा फरक वहीत लिहावा आणि दोन्ही पडदे एकत्र दिसतील असा एक फोटो काढावा. घड्याळ मात्र तेव्हा दुरुस्त करू नये, कारण दुरुस्ती केली की जुन्या चित्रणावरची वेळ आणि यंत्राची आताची वेळ यांचा मेळ कसा लावायचा, हा नवाच प्रश्न उभा राहतो. या १७ मिनिटांचे महत्त्व न्यायालयात कळते. आरोपीच्या मोबाइलची टॉवरवरची नोंद दूरसंचार कंपनीच्या घड्याळाप्रमाणे असते. चित्रणात आरोपी रात्रीच्या एका वेळी फाटकाजवळ आणि टॉवरच्या नोंदीत त्याच वेळी चार किलोमीटर दूर दिसला, तर घड्याळातला फरक आधीच लिहून ठेवलेला नसेल तिथे उलटतपासणीत सारे चित्रणच संशयास्पद ठरू शकते.

त्यानंतर चित्रण काढून घ्यावे. फक्त धडकेचे वीस सेकंद घेऊन थांबू नये. आधीचा आणि नंतरचा निदान अर्धा अर्धा तास घ्यावा, आणि मोटार ज्या दिशेने आली व गेली त्या बाजूच्या इतर कॅमेऱ्यांचेही घ्यावे. डीव्हीआर पुष्कळदा दोन प्रकारे फाइल देतो, एक त्याच्या स्वतःच्या स्वरूपात आणि दुसरी सर्वत्र चालणाऱ्या व्हिडिओच्या स्वरूपात. पाहायला दुसरी सोयीची असते, पण रूपांतर करताना मूळ नोंदीतले तपशील गळून पडू शकतात. म्हणून यंत्राच्या स्वतःच्या स्वरूपातली फाइल आणि ती चालवणारा प्लेअर हे आवर्जून घ्यावे, आणि सोयीसाठी दुसरीही घ्यावी. पेनड्राइव्ह नवा असावा. त्यात लग्नाचे फोटो आणि टॅलीचे बॅकअप असू नयेत.

वहीत हे सारे त्याच वेळी टिपून ठेवावे: डीव्हीआरचे मॉडेल व अनुक्रमांक, कॅमेऱ्याचा क्रमांक, कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंतचे चित्रण घेतले, ते कुणी काढले, समोर कोण हजर होते, आणि पेनड्राइव्ह पुढे कुणाकडे ठेवला. दोन प्रती कराव्यात. एक पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, जोडावर सह्या करून ठेवावी आणि दुसरी दाखवण्यासाठी वापरावी. घटना गंभीर असेल, कुणाचा जीव गेला असेल, तर चित्रण काढून घेण्यावरही विसंबू नये. कॅमेरे बसवणाऱ्या तंत्रज्ञाला बोलावून मूळ हार्ड डिस्कच बाहेर काढून घ्यावी, तिच्या जागी नवी घालावी आणि जुनी पोलिसांच्या ताब्यात रीतसर पावती घेऊन द्यावी. सोसायटीला नव्या डिस्कचा थोडा खर्च येतो, पण मूळ वस्तूच शाबूत राहते.

पुढे ही वस्तू पोलीस ठाण्यात, तिथून प्रयोगशाळेत आणि शेवटी न्यायालयात जाते. प्रत्येक टप्प्यावर कुणी दिली, कुणी घेतली, किती वाजता, मोहोर तशीच होती का, याची नोंद व्हावी लागते. या अखंड नोंदीला ताब्याची साखळी म्हणतात. तिची एक कडी हरवली तरी बचाव पक्षाचा वकील नेमकी तीच कडी पकडतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. आरोपीला खोट्या पुराव्यापासून वाचवणारी साखळीही हीच आहे.

हॅश म्हणजे फाइलचा ठसा

हाताने केलेली मोहोर पाकिटाला लागते, आतल्या आकड्यांना लागत नाही. आकड्यांसाठी गणिताची मोहोर आहे, तिला हॅश म्हणतात. एखादी फाइल, मग ती दोन ओळींची असो वा दोन तासांच्या चित्रणाची, विशिष्ट गणिती प्रक्रियेतून काढली की ठरावीक लांबीचे एक उत्तर मिळते. एसएचए-२५६ या प्रक्रियेचे उत्तर नेहमी ६४ अंक-अक्षरांचे असते. तीच फाइल कुठल्याही संगणकावर, कितीही वर्षांनी त्याच प्रक्रियेतून काढली तर तेच उत्तर येते. फाइलमध्ये एक टिंब जरी बदलले तरी उत्तर पार बदलून जाते. "पाच हजार दिले" एवढेच लिहिलेली एक फाइल आणि शेवटी पूर्णविराम दिलेली "पाच हजार दिले." ही दुसरी फाइल घेतली, तर दोघींच्या हॅशमध्ये कसलेही साम्य दिसणार नाही. उत्तरावरून मूळ फाइल परत तयार करता येत नाही, म्हणून हॅश उघडपणे लिहून दिला तरी आतली माहिती फुटत नाही.

घरच्या संगणकावरही हे करून पाहता येते. विंडोजमध्ये सर्टयूटिल नावाची आज्ञा आधीपासूनच असते आणि ती कोणत्याही फाइलचा हॅश काढून देते. फाइलचे नुसते नाव बदलून पुन्हा काढला तर हॅश तोच येतो, कारण नाव फाइलच्या मजकुराचा भाग नसते. तीच चित्रफीत व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवली आणि आलेल्या फाइलचा हॅश काढला, तर तो वेगळा येतो, कारण व्हॉट्सॲप चित्रफीत आकुंचित करून नव्याने तयार करते. फोटोचेही तसेच होते. कोणत्या फोनने, कधी आणि कुठे काढला, हे फोटोच्या पोटात दडलेले तपशीलही त्या प्रवासात गळतात. गटावर फिरलेले फुटेज पुरावा म्हणून एवढे दुबळे का असते, याचे हे कारण आहे. व्हॉट्सॲपवरूनच पाठवणे भाग असेल तर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, तेव्हा ती जशीच्या तशी जाते.

हॅश काढण्याच्या एमडी-५ आणि एसएचए-१ या जुन्या पद्धतींत एक दोष सापडलेला आहे. मुद्दाम प्रयत्न करून एकच हॅश येणाऱ्या दोन वेगळ्या फाइली बनवता येतात, हे एमडी-५ बाबत २००४ मध्ये आणि एसएचए-१ बाबत २०१७ मध्ये दाखवून देण्यात आले. न्यायालयात द्यायच्या प्रमाणपत्राचा जो नमुना कायद्याने दिला आहे (त्याविषयी पुढे येईलच) त्यात या दोन्ही पद्धतींचे पर्याय आजही आहेत, पण निवड आपल्या हाती असेल तर एसएचए-२५६ घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

हॅशचे एक पथ्य आहे. तो जितक्या लवकर काढावा तितका उपयोगी. जप्तीच्या दिवशी पंचनाम्यात लिहिलेला हॅश त्या दिवसापासूनची हमी देतो. सहा महिन्यांनी प्रयोगशाळेत काढलेला हॅश त्या सहा महिन्यांविषयी काहीच बोलत नाही.

कलम ६३ चे प्रमाणपत्र

१ जुलै २०२४ पासून १८७२ च्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली. दस्तऐवजाच्या व्याख्येतच आता इलेक्ट्रॉनिक नोंदी आल्या आहेत, आणि ईमेल, सर्व्हरवरच्या नोंदी, मोबाइलमधले संदेश, संकेतस्थळे, ठिकाण दाखवणारी माहिती, व्हॉइस मेल अशी उदाहरणे कायद्याने स्वतःच दिली आहेत. जुन्या ६५-ब चे काम आता कलम ६३ करते. प्रमाणपत्राचा छापील नमुना अधिनियमाच्या अनुसूचीत दिलेला आहे, ही फार चांगली सोय झाली. पूर्वी प्रत्येक वकील आपापल्या शब्दांत मसुदा करी आणि त्यातल्या शब्दांवरून वाद होत.

नमुन्याचे दोन भाग आहेत. भाग अ पुरावा देणाऱ्या पक्षाने भरायचा. नोंद कशातून काढली ते त्यात सांगावे लागते: संगणक, डीव्हीआर, मोबाइल, पेनड्राइव्ह, सीडी, सर्व्हर, क्लाउड की आणखी काही. साधनाचा मेक, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, मोबाइल असेल तर आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) लिहावा लागतो. ते साधन कायदेशीर ताब्यात होते, नेहमीच्या कामासाठी वापरात होते आणि त्या काळात नीट चालत होते, असे जाहीर करावे लागते, आणि फाइलचा हॅश कोणत्या पद्धतीने काढला ते नमूद करावे लागते. भाग ब तज्ज्ञाने भरायचा असतो आणि त्यातही हॅश असतो. नोंद न्यायालयात जितक्या वेळा दाखल होईल तितक्या वेळा प्रमाणपत्र सोबत लागते. वर वहीत टिपायला सांगितलेल्या गोष्टींशी हा नमुना ताडून पाहिला तर लक्षात येईल की वही त्या दिवशीच नीट लिहिलेली असेल तर भाग अ पंधरा मिनिटांत भरून होतो, आणि लिहिलेली नसेल तर दोन वर्षांनी डीव्हीआरचा अनुक्रमांक शोधत फिरावे लागते, तेही डीव्हीआर तोवर भंगारात गेलेला नसला तर.

तज्ज्ञाच्या भागाची अडचण खरी आहे. पोलिसांच्या मागे राज्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा असते, पण पोटगीसाठी किंवा चेकच्या वसुलीसाठी तालुक्याच्या न्यायालयात आलेल्या माणसाने तज्ज्ञ कुठून आणायचा आणि त्याची फी कशी परवडायची, याचे सोपे उत्तर कायद्याने दिलेले नाही. मला ही या कलमाची मोठी उणीव वाटते.

मूळ आणि प्रत यांतला फरक इथे उपयोगी पडतो. प्रमाणपत्राची अट मुख्यतः प्रतीसाठी आहे. जालन्याच्या निकालात न्यायालयाने म्हटले होते की मालकाने स्वतः साक्षीदार म्हणून उभे राहून आपला लॅपटॉप, टॅबलेट किंवा मोबाइल हजर केला आणि मूळ नोंद त्यातच असल्याचे सिद्ध केले, तर प्रमाणपत्राची गरज नाही. केरळमधल्या एका निवडणूक खटल्यात याची दुसरी बाजू दिसली होती. प्रचारातली भाषणे आणि गाणी एका साधनाने टिपून, संगणकात घालून, त्यावरून सीडी तयार करून न्यायालयात दिल्या गेल्या होत्या आणि प्रमाणपत्र नव्हते. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सीडी नाकारल्या. म्हणून ज्या फोनमध्ये मूळ संदेश किंवा मूळ रेकॉर्डिंग आहे तो फोन खटला संपेपर्यंत विकू नये, एक्स्चेंजमध्ये देऊ नये, फॉरमॅट करू नये.

मोबाइलमधले संदेश, कॉल आणि पोस्ट

सर्वांत जास्त पुरावा मोबाइलमध्ये असतो आणि सर्वांत जास्त चुकाही तिथेच होतात. धमकीचा किंवा अश्लील संदेश आला की पहिली स्वाभाविक प्रतिक्रिया तो पुसून टाकण्याची आणि पाठवणाऱ्याला ब्लॉक करण्याची असते. ज्या मुलीला तो आला आहे तिला तो पुन्हा पाहावासाही वाटत नाही, आणि ते समजण्यासारखे आहे. अशा वेळी घरातल्या कुणीतरी, ताईने किंवा आईने, फोन हातात घेऊन पुढचे काम करावे. व्हॉट्सॲपमध्ये संदेश २४ तासांत, ७ दिवसांत किंवा ९० दिवसांत आपोआप नाहीसे होण्याची सोय असते, म्हणून ती चालू आहे का ते लगेच पाहावे. स्क्रीनशॉट घ्यावा, पण त्यात समोरच्याचे फक्त नाव दिसून भागत नाही, कारण ते नाव आपल्याच फोनमध्ये आपणच साठवलेले असते. संपर्काचा तपशील उघडून मोबाइल क्रमांक दिसेल असाही स्क्रीनशॉट घ्यावा. संभाषण सुरुवातीपासून वर सरकवत त्याची सलग स्क्रीन रेकॉर्डिंग करावी, म्हणजे मधला संदेश गाळल्याचा आरोप होत नाही. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवावे, मात्र ती साधी मजकुराची फाइल असते आणि कुणालाही बदलता येते, हे लक्षात ठेवून मूळ फोन जपावा. हे सगळे झाल्यावर खुशाल ब्लॉक करावे.

फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरच्या पोस्टच्या बाबतीत दिसणाऱ्या नावापेक्षा त्या खात्याचा आणि त्या पोस्टचा पूर्ण पत्ता महत्त्वाचा असतो, कारण नाव आणि फोटो पाच मिनिटांत बदलता येतात. ईमेल छापून ठेवणे पुरेसे नसते. तो कोणत्या सर्व्हरवरून कधी निघाला ही माहिती त्याच्या शीर्षभागात दडलेली असते आणि छापील कागदावर ती येत नाही. जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' या पर्यायातून पूर्ण ईमेल उतरवून घेता येतो. पैशांची फसवणूक झाली असेल तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवावे, कारण तिथे मिनिटांचा प्रश्न असतो, आणि व्यवहाराची ओळख सांगणारा यूटीआर क्रमांक व बँकेचे एसएमएस जसेच्या तसे राहू द्यावेत.

आपण स्वतः भाग घेतलेल्या कॉलचे रेकॉर्डिंग न्यायालये वर सांगितलेल्या तीन कसोट्या लावून विचारात घेतात. पती-पत्नींमधले चोरून केलेले रेकॉर्डिंगही घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटले आहे. मात्र याचा अर्थ दुसऱ्याच्या फोनमध्ये हेरगिरीचे ॲप टाकावे किंवा पासवर्ड चोरून त्याचा ईमेल उघडावा असा कुणी घेऊ नये. परवानगीवाचून दुसऱ्याच्या साधनात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, आणि तक्रार घेऊन गेलेला माणूसच आरोपी होऊन बसतो.

पोलीस फोन जप्त करतात तेव्हाची पथ्ये याहून कडक आहेत. फोन चालू असेल तर तो चाळून पाहायचा नसतो, कारण नुसते उघडण्यानेही आतल्या वेळांच्या नोंदी बदलतात. त्याचा नेटवर्कशी संबंध तोडायचा असतो, नाहीतर मालक दुसरीकडून त्यातला मजकूर पुसू शकतो. त्यासाठी विमान मोड असतो किंवा लहरी अडवणारी फॅरेडे पिशवी असते. तो सरसकट बंद करणेही चांगले नाही, कारण आजचे फोन बंद करून पुन्हा चालू केले की पासकोडवाचून आतला बराचसा मजकूर कुलूपबंदच राहतो. प्रयोगशाळेत हार्ड डिस्क संगणकाला थेट जोडत नाहीत. मध्ये राइट ब्लॉकर नावाचे उपकरण लावतात, ते फक्त वाचू देते, लिहू देत नाही. त्यातून डिस्कची तंतोतंत प्रतिमा घेतात, दोन्हींचे हॅश जुळवतात आणि पुढचे सगळे काम प्रतिमेवर करतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करणे आता बंधनकारक आहे आणि ते चित्रण विलंब न लावता दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे लागते. ज्याचा फोन जप्त होतो त्याने पंचनाम्याची प्रत मागावी आणि त्यात आयएमईआय क्रमांक व शक्य असेल तिथे हॅश लिहिला आहे का ते पाहूनच सही करावी.

चित्रण दुसऱ्याच्या ताब्यात असेल तेव्हा

आपल्याला हवा असलेला पुरावा पुष्कळदा बँकेकडे, रुग्णालयाकडे, समोरच्या दुकानाकडे किंवा दूरसंचार कंपनीकडे असतो. प्रत्येकाची साठवण्याची मुदत वेगळी असते. कॉलचा तपशील दूरसंचार कंपन्यांना परवान्याच्या अटींनुसार किमान दोन वर्षे ठेवावा लागतो. संगणकीय यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्यात, असे सर्ट-इन या सायबर सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सरकारी संस्थेचे २०२२ चे निर्देश आहेत. पोलीस ठाण्यांतल्या सीसीटीव्हीचे चित्रण १८ महिने, आणि ते जमत नसेल तिथेही किमान एक वर्ष राहील अशी यंत्रणा बसवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितले. समोरच्या किराणा दुकानाला मात्र असा कोणताच नियम बांधत नाही. तिथले चित्रण आठवड्याभरात जाऊ शकते.

म्हणून घटना घडली त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा. त्यात तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याची जागा लिहून एवढेच मागावे की हे चित्रण पुसले जाऊ देऊ नये, वेगळे काढून ठेवावे आणि कलम ६३ चे प्रमाणपत्र द्यावे. दुकानदार किंवा सेक्रेटरी पुष्कळदा म्हणतात, "पोलिसांचे पत्र आणा, मग देतो." ते चुकीचे नाही, पण पत्र येईपर्यंत चित्रण जपून ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही, हे त्यांना नम्रपणे सांगावे आणि त्याच अर्जाची प्रत पोलीस ठाण्यातही द्यावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी, कुणी घेत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती ठेवावी. उत्तर आले नाही तर पुन्हा लिहावे, आणि खटला उभा राहिल्यावर न्यायालयाकडे अर्ज करून प्रमाणपत्र व नोंद हजर करण्याचा आदेश मागावा. जालन्याच्या खटल्यात गोरंट्याल यांच्या हाती प्रमाणपत्र कधीच आले नाही. अधिकाऱ्यांकडे ते वारंवार मागितल्याची नोंद मात्र होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांना त्या अटीतून मोकळे केले ते तिच्याच आधारावर.